येतो म्हणून गेलेला

सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी तात्याला कळलं, की आपण या गावातल्या पाच माणसांना शब्द देऊन फसवलं आहे.

तात्या म्हातारा नव्हता, पंचविसावं चालू होतं. पण चौथीत असताना शाळेच्या सहलीला त्याने मफलर, कापूर आणि सुईदोरा बरोबर नेला होता. तेव्हापासून घरात सगळे त्याला तात्या म्हणायचे. परदेशात शिकायला येऊन त्याला नऊ महिने झाले होते. विषय माती. घर बांधलं की त्याच्या ओझ्याखाली चिकणमाती किती खचते आणि किती दिवस खचत राहते, हे तो शिकत होता. तोंडी परीक्षा सहा आठवड्यांपूर्वी एकदा हातची गेली होती. दुसरी आणि शेवटची येत्या शनिवारी होती. ही गेली की बॅग भरायची आणि घरी.

परीक्षेचा अर्ज द्यायला तो परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षात गेला होता. खिडकीमागच्या कारकूनबाईंनी अर्ज पुढून पाहिला, मागून पाहिला आणि परत सरकवला.

"ना-हरकत दाखला जोडलेला नाही."

"कुणाची हरकत आहे?"

"पाच जणांची," बाई म्हणाल्या. "परीक्षेआधी पंधरा दिवस आम्ही विद्यार्थ्याचा फोटो पोस्टाच्या भिंतीवर लावतो. कुणाला काही म्हणायचं असेल तर लिहून द्यावं म्हणून. तुम्ही पाहिला नाहीत?"

तात्याने पाहिला होता. त्याला वाटलं होतं, हुशार मुलांचे लावतात.

बाईंनी फाईल उघडून वाचायला सुरुवात केली. "लॉन्ड्रीवाल्या बाई लिहितात. हा मुलगा चार महिन्यांपूर्वी शर्ट घेऊन निघताना म्हणाला, 'येतो.' आला नाही. आम्ही जेवायचे थांबलो." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणाला होतात?"

"म्हणालो असेन. मी सगळ्यांनाच म्हणतो."

"सगळ्यांना?" बाईंनी पेन उचललं.

"नाही नाही, तसं नाही!"

झालं होतं असं. इथली भाषा शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की निघताना म्हणायचं, 'मी जातो.' सगळ्या वर्गाने म्हटलं. तात्याची जीभ काही केल्या वळेना. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही हे त्याच्या कानात लहानपणापासून इतकं बसलं होतं, की जातो म्हटलं तर जिन्यात पाय घसरेल असं त्याला वाटे. म्हणून त्याने आपलं 'येतो' उचललं आणि इथल्या भाषेत जसंच्या तसं ठेवून दिलं. नऊ महिने तो ज्याच्या त्याच्या दारातून 'येतो' म्हणत बाहेर पडत होता. आणि इथल्या भाषेत निघताना येतो म्हणण्याचा अर्थ एकच होता: आज येतो, जेवायलाच येतो, ताट मांडा.

"गेल्या वेळची तुमची परीक्षाही त्यामुळेच अपूर्ण राहिली," बाई पुढचं पान वाचत म्हणाल्या. "प्रश्न संपले. उत्तरं बरोबर. मग विद्यार्थी 'येतो' म्हणाला आणि गेला. तिन्ही परीक्षक निकाल सांगायला थांबले. शिपायाने दिवे घालवले तेव्हा त्यांनी नाद सोडला."

तात्या खिडकीला धरून उभा राहिला. सहा आठवडे तो समजत होता, की आपण तिसऱ्या प्रश्नात आपटलो. त्या तिसऱ्या प्रश्नासाठी त्याने चारशे पानं पाठ केली होती.

"नावं लिहून घ्या. लॉन्ड्रीवाल्या बाई, न्हावी, दातांचे डॉक्टर, ग्रंथपाल. आणि तुमच्या घरमालकीण बाई."

तात्याचं पेन थांबलं. "त्या तर..."

"काय?"

"त्या वारल्या. दहा आठवडे झाले."

बाईंनी यादी पुन्हा पाहिली. "नाव आहे. प्रत्येकाकडे जायचं, जेवायचं आणि त्याच माणसाची सही आणायची. शुक्रवारी पाचला खिडकी बंद होते. पुढचे!"

दुपारी तात्याने घरी फोन लावला. पडद्यावर आई, बाबा आणि आजी दाटीवाटीने बसले.

"आई, 'येतो' म्हणून मोठी पंचाईत झालीय."

"मग काय 'जातो' म्हणणार होतास?" आई म्हणाली. "शिकायला पाठवलंय तुला, अभद्र बोलायला नाही."

"जेवायलाच बोलावतायत ना?" बाबा म्हणाले. "मारायला तर नाही?"

"बाबा, शनिवारी परीक्षा आहे! अभ्यास कधी करू?"

"पोरासाठी चार घरी पानं मांडलीत आणि हा गळा काढतोय," आजी म्हणाली. "परीक्षा मातीचीच ना? माती कुठे पळून जाते?"

पाचव्या नावाबद्दल तात्या घरी काही बोलला नाही.

संध्याकाळी सहा वाजता तो लॉन्ड्रीत गेला. पुढे दुकान, मागे घर. मधल्या दारात इस्त्रीची वाफ भरलेली. टेबलाशी लॉन्ड्रीवाल्या बाईंचे यजमान कडक कॉलर आणि टाय घालून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही, सगळं अंगच वळवलं.

"आला एकदाचा," ते म्हणाले. "चार महिने दर सोमवारी टाय बांधून बसतोय मी. हा बघ, वळ पडलाय."

"ते असेच ओरडतात," लॉन्ड्रीवाल्या बाई म्हणाल्या. "तू बस. घाबरू नकोस, बटाटे त्या दिवशीचे नाहीत."

सूप आलं. मग भाजलेले बटाटे, त्यावर लोणी, लोण्यावर आणखी बटाटे. मग चार थरांचा केक. पहिल्या महिन्यात तात्या या लोकांकडे कुठे गेलाच, तर सवयीने 'नको नको' म्हणायचा, आणि वाढणारा खरोखरच भांडं उचलून आत न्यायचा. दुसऱ्यांदा कुणी विचारायचंच नाही. त्या महिन्यात तो चार किलो उतरला होता. आता त्याला नको म्हणायचं असूनही म्हणता येईना, कारण सही व्हायची होती.

"आणखी केक?"

"हो."

"आणखी?"

"हो," तात्या म्हणाला, आणि पँटचं बटण उडून बशीत पडलं.

"काढ," बाई म्हणाल्या.

"काय?"

"पँट. लाजतोस काय, दिवसाला साठ पँटी हातात घेते मी. कंबर सैल करून देते. अजून चार घरं आहेत तुझी, सगळ्या गावाला माहीत आहे."

तात्या टेबलक्लॉथ गुंडाळून बसला. बाई मशीनवर पँट उसवत होत्या आणि यजमान आपण न्हाव्याकडे कधी आणि का जात नाही हे सांगत होते. तात्या मनात मातीचं गणित करत होता. ओझं एकदम ठेवलं तर काय होतं, टप्प्याटप्प्याने ठेवलं तर काय होतं. केकचे चार थर त्याला टप्प्यासारखे वाटले.

सही झाली. निघायची वेळ आली. दारात उभं राहून तात्याने तोंड उघडलं. येतो म्हणायची सोय नव्हती, जातो म्हणायचं धाडस नव्हतं. त्याने हात जोडले आणि एक अक्षर न बोलता उलट्या पावलांनी बाहेर पडला.

"काहीच नाही म्हणाला तो," आतून बाईंचा आवाज आला.

"मग मी टाय काढू का?" यजमान म्हणाले.

मंगळवारी न्हावी. तात्या ज्या दिवशी 'येतो' म्हणून गेला होता, त्या दिवशी न्हाव्याने पाहुणा येणार म्हणून दुकान बंद ठेवलं होतं. "तीन गिऱ्हाइकं परत पाठवली तुझ्यापायी," तो म्हणाला. "त्यातला एक रागावून दाढीच वाढवून बसला. आता बघ, केवढी झालीय. ओळखू येत नाही माणूस." त्याने तात्याला खुर्चीत बसवलं, खुर्ची मागे पाडली, तोंडावर गरम टॉवेल टाकला आणि जेवण तिथेच आणलं. आडवं पडून जेवायचं. एक घास, मग डोक्याला मालिश. एक घास, मग दाढी. दाढीत काही उरलं नव्हतं तरी दुसऱ्यांदा दाढी.

"अंग किती कडक ठेवतोस," न्हावी मानेवर बुक्क्या मारत म्हणाला. "सैल सोड."

"शनिवारी परीक्षा आहे."

"मग म्हण की. मी ऐकतो. विचारू प्रश्न?"

तात्याने वहीतली पानं न्हाव्याच्या हातात दिली. न्हाव्याने पहिला प्रश्न विचारला, तात्या उत्तर देता देता झोपला आणि उठला तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्याच्या चारशे पानांवर जागोजाग साबणाचा फेस वाळला होता. "दोनशे दहापर्यंत वाचलं मी," न्हावी म्हणाला. "बिचारी माती." सही त्याने वस्तऱ्याच्या जाहिरातीच्या कागदावर केली. ती तात्याने कापून अर्जाला चिकटवली.

बुधवारी दातांचे डॉक्टर. इथे प्रकरण जरा बिकट झालं होतं. दाढ भरल्यावर तात्याचा अर्धा जबडा बधिर होता. त्या जबड्यातून 'येतो' निघालं ते डॉक्टरांनी 'सगळे येतो' असं ऐकलं. त्यांनी आठ खुर्च्या मांडल्या होत्या.

"बाकीचे?" डॉक्टरांनी दारातून बाहेर डोकावून विचारलं.

"बाकीचे घरी आहेत. माझ्या देशात."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. स्वयंपाक आठ माणसांचा होता. डॉक्टरांनी सही करायचं पेन खिशात परत ठेवलं. तात्याने फोन काढला, पाण्याच्या जगला टेकवून उभा केला आणि घरी लावला.

"आई, पटकन सगळ्यांना बोलाव. जेवायला बसायचंय."

"अरे, आत्ताच जेवलो आम्ही!"

"पुन्हा बसा! आणि आजीला दात लावायला सांग, डॉक्टर दातांचे आहेत."

पाच मिनिटांत पडद्यावर आई, बाबा, आजी, ताई आणि तिचा नवरा असे पाच जण ताटं घेऊन बसले. ताटात सकाळचंच होतं. डॉक्टरांनी माणसं मोजली. "सहा," ते म्हणाले. "दोन अजून कमी आहेत." ताईने शेजारच्या काका-काकूंना बोलावलं. मग डॉक्टर खूश झाले.

डॉक्टर स्वतः साखर खात नव्हते, पण पाहुण्यासाठी त्यांनी तीन प्रकारचं गोड केलं होतं. ते आठ जणांचं गोड तात्याने एकट्याने खाल्लं. प्रत्येक वाटीमागे डॉक्टर म्हणत, "हा आजीबाईंचा वाटा. हा जावईबापूंचा." ताईचा नवरा पडद्यावरून म्हणाला, "माझा वाटा अर्धाच द्या हो त्याला, शुगर आहे मला."

"त्या बाईंना विचार, एवढी टापटीप कशी ठेवतात," आई म्हणाली.

"माझा मुलगा तिकडे कधी दात घासतो का विचार," बाबा म्हणाले.

"घासत नाही," डॉक्टर न विचारताच म्हणाले, कारण तात्याचं तोंड उघडंच होतं.

सही झाली. फोन बंद करताना आईने पदर सारखा केला, डॉक्टरीणबाईंकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, "बरंय, येतो हं आम्ही."

"काय म्हणाल्या त्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तात्याने आयुष्यात पहिल्यांदा आईच्या बोलण्याचा अर्थ सांगायला नकार दिला.

गुरुवारी ग्रंथपाल बाईंकडे बोलायची बंदी होती. जेवण पाच वेळा वाढलं गेलं आणि कुणी अवाक्षर काढलं नाही. पाव चावल्याचा आवाज झाला तरी त्या बोट ओठावर ठेवत. निघताना तात्याने कागदावर लिहून दाखवलं: 'जातो.' लिहायला जमलं. बाईंनी खाली सही केली आणि पेन्सिलीने शुद्धलेखनाची एक चूक दाखवली.

एवढं सगळं होईपर्यंत अभ्यास शून्य. सकाळी पुस्तक उघडलं की कालचं जेवण डोळ्यांवर यायचं. सहा आठवडे तो पाव आणि जामवर जगत होता, आता चार दिवसांत तो चार लग्नांतून उठून आल्यासारखा दिसत होता. दाढी तुळतुळीत, शर्टाला कडक इस्त्री, दात चकाचक. आणि पोटात गोळा, परीक्षेचा धरला तरी, केकचा धरला तरी.

शुक्रवारी उरली काकूंची सही.

घरमालकांना तो मनातल्या मनात काका म्हणायचा आणि त्यांच्या बायकोला काकू. त्यांच्या भाषेत तसा शब्द नव्हता. काकांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. खाली ते दोघं, वरच्या खोलीत तात्या. काकू असताना त्या जिन्याच्या तोंडाशी सूप घेऊन उभ्या असायच्या. मग त्यांना दवाखान्यात नेलं. एका रविवारी तात्या संत्री घेऊन भेटायला गेला. निघताना 'येतो' म्हणाला. मंगळवारी जाणार होता, पण चाचणी होती म्हणून गेला नाही, आणि बुधवारी त्या गेल्या. अंत्यविधीला तो सगळ्यांच्या मागे उभा राहिला. काय बोलायचं ते कळलं नाही म्हणून काहीच बोलला नाही. त्यानंतर काकांशी त्याचा संबंध जिन्यावरून खाली उतरताना मारलेल्या 'येतो'पुरता.

दुपारी तीन वाजता त्याने खालचं दार वाजवलं.

"उघडंच आहे," काका म्हणाले.

ते ओट्याशी उभे होते. सिंकमध्ये एक पातेलं, एक चमचा. दुसरं काही नाही. टेबल लखलखीत पुसलेलं, त्यावर चार घड्याळं एका ओळीत. काकूंची खुर्ची आत सरकवलेली होती आणि तिच्या पाठीवर त्यांची लोकरीची शाल तशीच होती. दाराच्या खिळ्याला बाजाराची पिशवी. तात्याच्या लक्षात आलं, की काका दहा आठवडे इथे उभ्याने, पातेल्यातूनच जेवतायत. टेबलाशी कुणी बसलेलं नाही.

"तक्रार तुम्हीच दिलीत ना, काका?"

"तक्रार नाही दिली. त्या कक्षातून एक माणूस विचारायला आला, हा कुणाला येतो म्हणालाय का. मी म्हटलं, हो, बायकोला. खोटं कशाला बोलू?" काकांनी गॅस कमी केला. "मंगळवारी तिने मला सांगितलं होतं. वरचा मुलगा येतो म्हणालाय, आला की त्याला सूप दे. मी म्हटलं, देतो. आता तुझा शब्द तिला दिलेला आणि माझाही तिलाच. ती गेली आणि दोन्ही अडकले."

"मला हाक मारायची होती."

"कशी मारणार? तू रोज येतो म्हणून जायचास आणि रोज यायचास. यायचास, पण वर."

तात्याने मान खाली घातली. "मी बूट हातात घेऊन जिना चढायचो. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"माहीत आहे. ती होती तेव्हा धाडधाड चढायचास. ती म्हणायची, आला हत्ती, सूप गरम करते." काका चमचा पुसत राहिले. "दहा आठवडे हत्ती आला नाही घरात."

मग ते एकदम वळले. "बस. पण आधी हे वाच. अक्षर तिचंच आहे."

वहीचं एक पान होतं. भाज्या किती, पाणी किती, सगळं लिहिलेलं होतं. शेवटी लिहिलं होतं, मीठ चवीपुरतं.

"चवीपुरतं म्हणजे किती?" काकांनी विचारलं. "किती ग्रॅम? घड्याळाचा स्क्रू सुद्धा मापाचा असतो. चाळीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं, विचारावं असं एकदाही वाटलं नाही. तीन चमचे टाकलंय. पुरेल?"

"पुरेल," तात्या म्हणाला.

काकांनी टेबलावरची घड्याळं एकेक उचलून कपाटावर ठेवली. दोन ताटल्या मांडल्या. स्वतःची खुर्ची ओढली. काकूंच्या खुर्चीला त्यांनी हात लावला नाही. तात्याने भिंतीकडचं स्टूल घेतलं.

पहिला चमचा तोंडात गेला आणि तात्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. समुद्राचं पाणी गाळून दिलं असतं तर यापेक्षा बरं लागलं असतं. वर चार घरांचं जेवण घशापर्यंत आलेलं. त्याने दुसरा चमचा घेतला. काकांनीही घेतला.

"कसंय?" काकांनी विचारलं.

"छान आहे."

"खोटारड्या. खारट झालंय."

"थोडं."

"तिचं असं नव्हतं."

"नव्हतं," तात्या म्हणाला.

काका खाली बघून जेवत राहिले. पातेलं पुन्हा पुढे आलं.

"आणखी?"

या आठवड्यात त्याने हा प्रश्न शंभर वेळा ऐकला होता. नको म्हणून चाललं असतं, इथे कुणी आग्रह केला नसता. "हो," तात्या म्हणाला आणि ताटली पुढे केली. ती संपवताना त्याने तीन ग्लास पाणी प्यायलं.

मग त्याने कागद काढून टेबलावर ठेवला. काकांनी चष्मा लावला. वाचलं. पेन घेतलं आणि बायकोच्या नावापुढे बायकोची सही ठोकून दिली.

"काका! त्याच माणसाची सही हवी आहे. ती बाई फाईल बघते."

"बघू दे. तिच्या हाताला कायम पीठ नाहीतर साबण. दारात कुणी कागद घेऊन आलं की ती आतून ओरडायची, अहो, माझी सही करा. चाळीस वर्षं तिची सही मीच करतोय. ती स्वतः कशी करायची ते मला माहीत नाही. तिलाही नसेल."

साडेचार वाजता तात्या बस स्टॉपवर पळत होता. पळत म्हणजे त्या पोटाने जमेल तसा. बस निघाली होती, ड्रायव्हरने थांबवली.

"सही राहिलीय का एखादी?" त्याने विचारलं.

"तुमची पण तक्रार आहे?"

"माझी कशाला? नऊ महिने तू उतरताना येतो म्हणतोस आणि दुसऱ्या दिवशी येतोस. तुझ्याएवढा शब्दाचा पक्का माणूस माझ्या बसमध्ये नाही. दांड्याला धर, वेगात नेतो."

पाचला सात मिनिटं कमी असताना कारकूनबाईंनी कागद घेतला. एकेक सही पाहिली. पाचव्या सहीवर बोट थांबलं.

"या बाई वारल्या म्हणालात."

"हो."

"मग ही सही?"

तात्याच्या घशाला सुपाचं मीठ पुन्हा जाणवलं. खोटं सुचेना. "त्यांची सही नेहमी त्यांचे यजमानच करायचे. त्यांच्या हाताला पीठ असायचं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, लावला. कपाटातून जुनी फाईल काढली. नऊ महिन्यांपूर्वी तात्याला खोली देताना भरलेला कागद तिच्यात होता. त्यावर घरमालकीण बाईंची सही होती. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. भिंग लावून पाहिलं. एका खिडकीमागून दुसरीकडे नेऊन पाहिलं.

"जुळते," त्या म्हणाल्या, आणि शिक्का मारला.

शनिवारी सकाळी तात्या इस्त्रीचा शर्ट घालून जिना उतरला. धाडधाड उतरला. काका दारात होते. परीक्षकांसमोर जीभ घसरू नये म्हणून तात्याने रात्रभर मनात घोकलं होतं, तेच त्याने इथे म्हणून पाहिलं.

"मी जातो."

काकांचा चेहरा बदलला. त्यांनी दार धरलं.

"काय म्हणालास?"

"जातो. इथे असंच म्हणतात ना?"

"इथले लोक म्हणतात. तू तुझं म्हण."

तात्या उंबऱ्यावर थांबला. "येतो."

"किती वाजता?"

"परीक्षा झाली की. एकपर्यंत."

"एक म्हणजे एक. मी सूप ठेवणार आहे," काका म्हणाले. "मीठ दोन चमचे टाकून बघतो."

परीक्षेला तेच तिघं होते. मधोमध अध्यक्ष, एका बाजूला बाहेरगावच्या बाई, दुसऱ्या बाजूला एक सर जे गेल्या वेळीही काही बोलले नव्हते. चारशे पानांतलं तात्याला काही आठवत नव्हतं. पण प्रश्न आले तशी उत्तरं येत गेली, दोनशे दहापर्यंतची तर न्हाव्याच्या आवाजात. शेवटी न बोलणारे सर बोलले.

"ओझं काढून घेतलं तर माती पुन्हा होती तशी होते का?"



"नाही. थोडी वर येते, बाकीची दबलेलीच राहते. पण तेवढंच ओझं तिच्यावर पुन्हा आलं, तर ती पहिल्याइतकी खचत नाही."

"हे पुस्तकात आहे?"

"पुस्तकातही आहे."

सरांनी मान हलवली. अध्यक्षांनी कागदावर खूण केली आणि कागद फिरवून तात्याला दाखवला. उत्तीर्ण.

तात्या उठला. तिघांनी हातातली कामं थांबवली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. शिपाईसुद्धा दाराशी येऊन उभा राहिला. तात्याने शब्द नीट जुळवला, श्वास घेतला, वाकून नमस्कार केला आणि तोंडातून सवयीने निघालं:

"बरंय. येतो."

मग अध्यक्षांनी हळूच खणातून डायरी काढली. बाहेरगावच्या बाईंनी आपली काढली. न बोलणाऱ्या सरांनी पेनाचं टोपण उघडलं.

"केव्हा?" अध्यक्षांनी विचारलं. "आज दुपारी? माझ्याकडे मटार आहेत."

तात्याने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"मंगळवारी येतो," तो म्हणाला. "आज नाही जमायचं. आज एका ठिकाणी सांगून आलोय."